विमान टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवरून चालवताना, अनुभवी पायलट वाट चुकतात, ती कशी?

पिंपळगाव बसवंतची एक मुलगी, माझ्या मित्राची पुतणी, पुढच्या महिन्यात फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, म्हणून रुजू होते आहे. लायसन्स झालं, ठरावीक विमानाचं टाइप रेटिंग झालं, आता खऱ्या प्रवाशांसह लाइन ट्रेनिंग. परवा घरी पेढे घेऊन आली आणि जाता जाता दारातच विचारलं, "काका, ढगातून विमान अचूक खाली आणणारे कॅप्टन जमिनीवर रस्ता कसे चुकतात? हातात चार्ट असतो, जागोजागी पाट्या असतात, टॉवर सांगत असतो. तरी चुकीचा टॅक्सीवे, चुकीची धावपट्टी? आणि असं होत असेल तर मी उजव्या सीटवर बसून नेमकं काय करायचं?"

दारात उभं राहून देण्यासारखं हे उत्तर नव्हतं. मी ३१ वर्षं एअरलाइनची विमानं उडवली, त्यातली शेवटची बारा शिकवण्यात गेली. तिच्यासारखीच आणखीही नाशिकची मुलं या क्षेत्रात येत आहेत, म्हणून तिलाच उद्देशून सविस्तर लिहितो.

आधी एक घरचं उदाहरण. २०१५ च्या सिंहस्थात माझे मेहुणे नाशिक रोडहून पंचवटीकडे निघाले. पंचवीस वर्षांचा रोजचा रस्ता. पर्वणीमुळे वाहतूक वळवली आहे हे त्यांनी सकाळीच पेपरात वाचलं होतं, मला फोनवर सांगितलंही होतं. तरी द्वारका चौकात आल्यावर हात नेहमीच्या बाजूलाच वळला आणि गाडी बॅरिकेडसमोर जाऊन उभी राहिली. नवखा माणूस त्या दिवशी विचारत विचारत नीट पोहोचला असता. मेहुण्यांना विचारायची गरजच वाटली नाही.

२७ ऑगस्ट २००६ ला अमेरिकेत लेक्सिंग्टनला जे झालं त्याची सुरुवात अशीच आहे. कॉमएअरचं ५१९१ हे विमान, पहाटेचा अंधार, आत ५० माणसं. टॉवरने २२ नंबरची धावपट्टी दिली होती, लांबी ७००३ फूट. तिच्याकडे जाताना वाटेत २६ नंबरची छोटी धावपट्टी लागते, जेमतेम ३५०० फुटांची. विमानतळावर काम चालू असल्यामुळे टॅक्सीचा मार्ग थोडा बदललेला होता. विमान २६ वर वळलं आणि धावू लागलं. धावपट्टीवर दिवे नव्हते. फर्स्ट ऑफिसर तसं बोललाही, दिवे नाहीत, विचित्रच आहे. कॅप्टनने हो म्हटलं आणि विमान धावत राहिलं. ४९ माणसं गेली. वाचला एकटा फर्स्ट ऑफिसर.

धावपट्टीचा नंबर म्हणजे तिची दिशा, शेवटचं शून्य काढून. आपल्या नाशिकच्या ओझर विमानतळाची धावपट्टी ०९-२७ आहे: एका टोकाकडून धावलात तर ९० अंश, म्हणजे पूर्व, दुसऱ्या टोकाकडून २७० अंश, पश्चिम. लेक्सिंग्टनच्या त्या दोन धावपट्ट्यांत सुमारे ४० अंशांचा फरक होता. तो फरक दोघांच्याही डोळ्यांसमोर, कंपासवर, सतत दिसत होता. पण टॅक्सी चालू असताना दोघांत कामाशी संबंध नसलेल्या गप्पा झाल्या होत्या आणि उड्डाणापूर्वी धावपट्टीचा नंबर आणि कंपास ताडून पाहायचं राहून गेलं. तपासात मुख्य दोष त्याच गोष्टीवर ठेवला गेला.

माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. चूक करणाऱ्याला आपण चुकतो आहोत असं वाटत नाही. छातीत धडधड होत नाही, हात थरथरत नाही. समोर धावपट्टी अपेक्षित असते, समोर धावपट्टी दिसते, मन पुढच्या कामाला लागतं. न जुळणारी एखादी गोष्ट दिसलीच, तर मन तिला कारण शोधून देतं: दिवे दुरुस्तीला काढले असतील, पाटी मागे राहिली असेल. म्हणून "शंका आली तर विचार" हा सल्ला मला अपुरा वाटतो. शंका येतच नाही. शंका असो वा नसो, ठरलेल्या जागी ठरलेली गोष्ट ताडून पाहायची, ही सवयच उपयोगी पडते.

आता माझी स्वतःची गोष्ट. पंधराएक वर्षं झाली. जिथे उतरायचं तिथे वादळ होतं म्हणून दुसऱ्या विमानतळावर गेलो. मोठा विमानतळ, परदेशातला, माझी तिथली पहिलीच वेळ. इंधन घेतलं, वादळ सरलं, पहाटे तीनला निघालो. पाऊस चालूच. ग्राउंड कंट्रोलरने भराभर मार्ग सांगितला, माझ्या फर्स्ट ऑफिसरने तो कागदावर उतरवून अचूक परत म्हणून दाखवला. डावीकडे वळायचं होतं. डावीकडे दोन वळणं होती, ऐंशीएक मीटरच्या अंतरावर. पहिलं काटकोनातलं, थेट धावपट्टीच्या मध्यावर जाणारं. दुसरं तिरकं, समांतर टॅक्सीवेला मिळणारं. ओल्या काचेतून मैदानभर निळे दिवे पसरलेले दिसत होते, कुठला दिवा कुठल्या कडेचा ते कळेना. मधल्या रेषेचे हिरवे दिवे डावीकडे वळताना दिसले आणि मी टिलर, म्हणजे जमिनीवर विमान वळवायची मूठ, फिरवला. मला पूर्ण खात्री होती.

फर्स्ट ऑफिसर साताऱ्याकडची, पंचविशीतली. वाऱ्याची दिशा बदलली होती म्हणून ती टेक-ऑफचे नवे आकडे कॉम्प्युटरमध्ये भरत होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "सर, थांबा."

एवढंच. "सर, मला वाटतं" नाही, "आपण बहुतेक" नाही. मी ब्रेक दाबला. वायपर एकदा सरकला आणि समोर लाल पाटीवर पांढरे आकडे स्वच्छ दिसले, दोन्ही बाजूंना पिवळे दिवे आळीपाळीने उघडझाप करत होते. त्या खुणा धावपट्टीच्या तोंडाशीच असतात. थांबायची रेषा नाकापासून वीसेक पावलांवर होती. पार्किंग ब्रेक लावला, टॉवरला सांगितलं की आम्ही चुकीच्या वळणावर आहोत, थांबलो आहोत. त्यांनी जागीच राहा म्हटलं. दीडेक मिनिटाने एक मालवाहू विमान आमच्या समोरून उतरून गेलं. त्याच्या दिव्यांनी आमचं कॉकपिट क्षणभर उजळलं आणि परत अंधार झाला.

घरी परतल्यावर मी तिला विचारलं, तुला कळलं कशावरून? ती म्हणाली, "सर, कळलं असं नाही. वळण घेऊन आपण २४० च्या आसपास सरळ व्हायला हवं होतं. मी वर पाहिलं तेव्हा कंपासवर हेडिंग २०० च्या खाली गेलं होतं. जुळेना म्हणून थांबा म्हटलं."

हे वाक्य मी पुढे शिकवताना कितीतरी वेळा सांगितलं. आपण कुठे चुकलो, बरोबर रस्ता कुठला, यातलं काहीही तिला त्या क्षणी माहीत नव्हतं. ते माहीत असायची गरजही नव्हती. जुळत नाही एवढं पुरेसं होतं.

मी त्याच दिवशी कंपनीच्या सेफ्टी विभागाला लेखी कळवलं. दोन सीनियर सहकारी म्हणाले, रेषा ओलांडली नाहीस, कुणाला काही झालं नाही, कशाला लिहितोस? लिहिलं. त्याच वळणावर आधीही कुणी फसलं होतं असं मागून कळलं, आणि काही काळाने चार्टवर त्या जागी हॉट स्पॉटचा, म्हणजे चूक होण्याची शक्यता असलेल्या जागेचा, गोल आला. आज तिथे जाणारा प्रत्येक पायलट तो गोल पाहून आधीच सावध होतो. रिपोर्ट लिहायला कमीपणा मानू नकोस.

पण सुटण्याला दोन माणसं लागतात. बोलणारं एक आणि ऐकणारं एक. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफला दुसरं माणूस मिळालं नाही. जवळच्या ग्रॅन कॅनरिया विमानतळावर बॉम्ब फुटला म्हणून तिकडची बरीच विमानं लॉस रोडिओसच्या छोट्या विमानतळावर वळवली होती. टॅक्सीवेवर विमानं उभी करून ठेवलेली, त्यामुळे निघणाऱ्यांना धावपट्टीवरूनच उलट चालत टोकाला जावं लागत होतं. त्यात धुकं. पॅन अ‍ॅमच्या जम्बोला तिसऱ्या फाट्याने बाहेर पड म्हटलं होतं, पण त्या फाट्यांवर पाट्या नव्हत्या आणि तिसरा फाटा इतका मागे मुरडणारा होता की जम्बोला तिथे वळणं अवघड. ते पुढे गेले. तिकडे केएलएमच्या कॅप्टनने परवानगी मिळालेली नसताना टेक-ऑफसाठी विमान धावतं केलं. त्याच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, ते पॅन अ‍ॅम अजून धावपट्टीवरून बाहेर पडलेलं नाही का? कॅप्टनने ठामपणे उत्तर दिलं की पडलंय. तो कॅप्टन साधा नव्हता, केएलएममधला नावाजलेला प्रशिक्षक होता. त्याच्यापुढे इंजिनिअर दुसऱ्यांदा बोलला नाही. दोन्ही विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. त्यानंतर रेडिओवर टेक-ऑफ हा शब्द प्रत्यक्ष टेक-ऑफची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा असा शिरस्ता पडला. एरवी डिपार्चर म्हणायचं.

हे मी तुला मुद्दाम सांगतो आहे, कारण तू आपल्याकडच्या घरात वाढलेली आहेस. मोठ्यांना उलट बोलू नये हे आपल्याला बाळकडूसारखं पाजलेलं असतं. घरी ते चांगलंच आहे, तुझ्या आजोबांसमोर तू तसंच वाग. पण तुझ्या डाव्या बाजूला केस पिकलेला कॅप्टन बसला असेल, त्याच्या हातात टिलर असेल, आणि तू "सर, जरा बघता का" असं मऊ बोललीस, तर पावसाच्या आवाजात ते त्याच्यापर्यंत पोहोचणारही नाही. आदर "सर" या शब्दात आहेच. पुढचा शब्द "थांबा" हाच हवा. थांबून तूच चुकलीस असं निघालं तर दोन मिनिटं गेली, थोडं इंधन गेलं. चांगला कॅप्टन त्याबद्दल आभारच मानतो, आणि जो चिडेल त्याच्यासमोर तर तू बोलायलाच हवं.

आता उजव्या सीटचं काम. बऱ्याच विमानांत टिलर कॅप्टनच्याच बाजूला असतो, म्हणून जमिनीवर विमान तो चालवतो. रेडिओ तुझ्याकडे, चार्ट तुझ्याकडे, फ्लॅप तुझ्याकडे, चेकलिस्ट तुझ्याकडे. म्हणजे टॅक्सीत तुझी मान खाली जायची कारणं भरपूर. नवीन मुलं इथेच फसतात. सगळी कामं चटचट उरकून दाखवायची असतात. माझा आग्रह असा की धावपट्टी ओलांडताना किंवा वळणं जवळजवळ असतील तिथे सगळं बाजूला ठेव आणि बाहेर बघ. चेकलिस्ट थांबू शकते. पार्किंग ब्रेक लावून केलेली चेकलिस्ट चालता चालता केलेल्या चेकलिस्टपेक्षा नेहमी चांगली होते.

हल्लीच्या टॅब्लेटवर चार्टमध्ये आपलं विमान चालताना दिसतं. मला ते मनापासून आवडतं, माझ्या तरुणपणी असतं तर कितीतरी रात्री सोप्या गेल्या असत्या. फक्त तो ठिपका पाहायला मान खाली जाते आणि वाटेतली लाल पाटी काचेबाहेर असते, एवढं ध्यानात ठेव. काही विमानांत धावपट्टी जवळ आली की तिचा नंबर बोलून सांगणारी यंत्रणाही असते. ती बोलली की ऐकायचं. नेहमीचं आहे म्हणून कान बंद करायचे नाहीत.

रीडबॅकबद्दल. आपण शिकवतो की क्लिअरन्स, म्हणजे कंट्रोलरने दिलेली परवानगी, परत म्हणून दाखवा. बरोबरच आहे. पण परत म्हणणं वेगळं आणि उमजणं वेगळं. २ जानेवारी २०२४ ला तोक्योच्या हानेदा विमानतळावर जपानी तटरक्षक दलाच्या विमानाला सी-५ या होल्डिंग पॉइंटपर्यंत, म्हणजे धावपट्टीआधी थांबायच्या जागेपर्यंत, या, तुमचा नंबर पहिला, असं सांगितलं गेलं. त्यांनी ते बरोबर परत म्हटलं. पहिला नंबर म्हणजे निघणाऱ्यांच्या रांगेत पहिला. त्यांनी मात्र धावपट्टीवर जायला मिळालं अशी समजूत करून घेतली आणि ते आत जाऊन उभे राहिले. मागून जपान एअरलाइन्सचं विमान उतरलं आणि धडकलं. एअरलाइनच्या विमानातली सगळी ३७९ माणसं जळत्या विमानातून बाहेर पडली, तटरक्षकांच्या सहांपैकी पाच जण गेले. म्हणून रीडबॅक झाल्यावर दोघांनी एकमेकांना विचारायचं: आपण थांबायचं कुठे? चार्टवर त्या जागेवर बोट ठेव आणि कॅप्टनला दाखव. ते बोट मी शेवटच्या फ्लाइटपर्यंत ठेवत आलो.

कंट्रोलरलाही सगळं दिसतं असं समजू नकोस. मिलानच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ ला दाट धुकं होतं आणि जमिनीवरचा रडार बंद. छोट्या सेस्ना जेटला आर-५ टॅक्सीवेने जा म्हटलं, ते आर-६ वर गेलं, जो धावपट्टीला जाऊन छेदतो. वाटेत पायलटने आपण एस-४ या खुणेपाशी आलो असं रेडिओवर सांगितलं. ती खूण जमिनीवर रंगवलेली होती, पण कंट्रोलरला ती कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. त्याने पुढे विचारलं नाही. एसएएस या एअरलाइनचं विमान धावपट्टीवर वेगात होतं, ते सेस्नाला धडकलं. ११८ माणसं गेली. "एस-४ म्हणजे कुठे?" एवढा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता. अनोळखी ठिकाणी तू हा प्रश्न बेधडक विचार. आम्ही इथे नवीन आहोत, टप्प्याटप्प्याने सांगा, असं म्हटलं की कंट्रोलर एकेक वळण सांगतो. पुढे चालून रस्ता दाखवणारी फॉलो मी जीप मागता येते. मी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीही ती मागितली आहे.

टेक-ऑफकडे येऊ. धावपट्टीवर वळताना तीन गोष्टी मोठ्याने म्हण: पाटीवरचा नंबर, क्लिअरन्समधला नंबर, आणि वळून सरळ झाल्यावर कंपास. रात्री कडेचे दिवे पाहा. धावपट्टीच्या कडेचे दिवे पांढरे असतात, टॅक्सीवेच्या कडेचे निळे. हे पहिल्या वर्षाला शिकवतात, तरी २०१० च्या फेब्रुवारीत पंधरा दिवसांच्या अंतराने दोन विमानं टॅक्सीवेवरून उडाली: एक अ‍ॅमस्टरडॅमला, एक ऑस्लोला. सुदैवाने समोर कुणी नव्हतं. अ‍ॅमस्टरडॅमचं विमान केएलएमचं होतं, म्हणजे स्वतःच्या घरच्या विमानतळावर. अंगणातसुद्धा पाय घसरतो.

समांतर धावपट्ट्या असतील तर कंपास मदतीला येत नाही, दोघींची दिशा एकच. सिंगापूर एअरलाइन्सचं ००६ हे जम्बो ३१ ऑक्टोबर २००० ला तैपेईत वादळी पावसात ०५ डावीऐवजी ०५ उजवीवर वळलं. ती कामासाठी बंद होती, पुढे यंत्रसामग्री उभी होती. १७९ पैकी ८३ जण गेले. त्या विमानात मध्यरेषेशी जुळणी दाखवणारं एक खास उपकरण होतं. ते जुळलं नाही. पण समोरचं दिसत होतं, म्हणून तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. अशा ठिकाणी लोकलायझर, म्हणजे धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारा रेडिओ संकेत, लावून ठेवायचा आणि काटा मध्ये आला की नाही ते बघायचं. काटा मध्ये नसेल तर थ्रॉटलला हात लावायचा नाही.

आणखी एक चूक कमी गाजते: धावपट्टी बरोबर, पण आत शिरण्याची जागा चुकीची. १५ सप्टेंबर २०१५ ला मायामीत कतार एअरवेजच्या ७७७ ने ०९ च्या टोकापासून सुरुवात न करता टी-१ या मधल्या फाट्यावरून धाव घेतली. टेक-ऑफचे आकडे संपूर्ण लांबीचे. हजार मीटरहून जास्त धावपट्टी पाठीमागे राहिली होती. विमान कसंबसं उचललं गेलं, पोटाला पलीकडचे दिवे घासले, आणि पायलटांना दोहापर्यंत काही कळलं नाही. आकडेमोडीच्या कागदावरची टी-१ ची खूण त्यांनी नीट उलगडून घेतली नव्हती. ओझरची धावपट्टी ३००० मीटर आहे. त्यातले हजार वजा कर, एप्रिलमधल्या दुपारचं आपलं ऊन धर, भरलेलं विमान धर, आणि मग आकडे पुन्हा काढून बघ. आकडे कुठल्या फाट्यापासूनचे आहेत, हे वाचूनच आत शिर.

निघायची घाई पायलटच करतो, हेही बघितलं आहे. उशीर झालेला असतो, ड्यूटीचे तास संपत आलेले असतात, मागे रांग असते. पुशबॅकपूर्वीची, म्हणजे विमान मागे ढकलून निघण्यापूर्वीची, पाच मिनिटं मात्र कुणाला देऊ नकोस. नोटॅममध्ये, म्हणजे पायलटांसाठीच्या सूचनांमध्ये, कुठला टॅक्सीवे बंद आहे, काम कुठे चालू आहे, हॉट स्पॉट कुठले, उतरून येताना कुठून आलो आणि जाताना कुठून जाणार, हे दोघांनी मोठ्याने बोलून घ्यायचं. लेक्सिंग्टनला बदललेला रस्ता, द्वारकेला बदललेला रस्ता, दोन्हीकडे माहिती आधी उपलब्ध होती.

तुझं रोस्टर आलं की पहिल्या पाच विमानतळांचे चार्ट छापून घेऊन ये. आपण जेवणाच्या टेबलावर बसू. मी ग्राउंड कंट्रोलर होईन, भराभर आणि थोडं अस्पष्ट बोलेन, मध्येच मार्ग बदलेन. तू पेन्सिलने रेघ ओढायची आणि जिथे जुळणार नाही तिथे पेन्सिल उचलून "थांबा" म्हणायचं, मोठ्याने, काकू स्वयंपाकघरातून विचारेल काय झालं इतक्या मोठ्याने.